एमिली रोझा प्रकरण: वैद्यकीय नियतकालिकात लेखकाच्या नावापुढे पदवी कशासाठी?

1 एप्रिल 1998 रोजी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’ या नियतकालिकात थेराप्युटिक टच या उपचारपद्धतीची तपासणी करणारा एक छोटा लेख प्रसिद्ध झाला. शीर्षकाखाली चार लेखकांची नावे होती. पहिले नाव लिंडा रोझा यांचे आणि त्यापुढे बीएसएन, आरएन, म्हणजे परिचर्या शाखेची पदवी आणि परिचारिका म्हणून झालेली नोंदणी. दुसरे नाव एमिली रोझा, पुढे काहीही नाही. तिसरे लॅरी सार्नर, त्यांच्यापुढेही काही नाही. चौथे स्टीफन बॅरेट, पुढे एमडी. लेखकांच्या संस्थांची जी बारीक टाइपातली नोंद असते, तिथे एमिलीविषयी एवढेच छापले होते की ती कोलोरॅडो राज्यातील लव्हलँड येथे सहाव्या इयत्तेत शिकते. लेख छापून आला तेव्हा ती 11 वर्षांची होती आणि ज्या प्रयोगावर लेख आधारलेला होता तो तिने वयाच्या नवव्या वर्षी, चौथीत असताना, शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आखला होता.

या प्रकरणाचा अभ्यास येथे एका मर्यादित प्रश्नासाठी केला आहे. वैद्यकीय नियतकालिके लेखकाच्या नावापुढे पदव्या छापतात. त्या वाचकाला नेमके काय सांगतात आणि काय सांगू शकत नाहीत, हा तो प्रश्न होय. थेराप्युटिक टचची चर्चा त्यासाठी लागेल तेवढीच येईल. माझे म्हणणे आधीच स्पष्ट करणे बरे: या लेखाच्या बाबतीत वाचकाने ज्या माहितीकडे सर्वाधिक लक्ष द्यायला हवे होते ती नावांपुढे नव्हती, ती नावांच्या खालच्या नोंदीत होती आणि पदवी नसलेल्या मुलीचे कौतुक व तिच्यावरचे आक्षेप या दोहोंच्या गलबल्यात ती मागे पडली.

पदव्या छापण्याचे संकेत

याबाबत वैद्यकीय नियतकालिकांत एकवाक्यता नाही. ‘जामा’ आणि ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ पदव्या थेट नावापुढे, शीर्षकाखालच्या ओळीत देतात. ‘लॅन्सेट’ त्या संस्थांच्या नोंदीत, कंसात देते, त्यामुळे शीर्षक वाचताना त्या डोळ्यांत भरत नाहीत. ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ पदवीऐवजी पद छापते: प्राध्यापक, संशोधन सहायक, जनरल प्रॅक्टिशनर. ‘नेचर’मध्ये दोन्ही नसतात. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची आंतरराष्ट्रीय समिती, जी 1978 साली व्हँकुव्हर येथे झालेल्या बैठकीतून उभी राहिली, तिच्या शिफारशींनुसार हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर प्रत्येक लेखकाची सर्वोच्च शैक्षणिक पदवी द्यावी. मात्र काही नियतकालिके ती छापत नाहीत, हेही तिथेच मान्य केलेले आहे. म्हणजे पदवी संपादकाला कळावी याबद्दल मतभेद नाही; वाचकाला ती कुठे आणि कशी दिसावी, याबद्दल आहे.

‘जामा’ची शैलीपुस्तिका बरीच बारकाईने लिहिलेली आहे. वरची पदवी असेल तर सामान्यतः पदव्युत्तर पातळीखालच्या पदव्या गाळायच्या, अमेरिकी वैद्यकीय संस्थांची मानद स्वरूपाची सभासदत्वे छापायची नाहीत, पण परिचर्या, औषधनिर्माण अशा आरोग्यक्षेत्रातील व्यावसायिक नोंदण्या मात्र ठेवायच्या, असे नियम तिच्यात आहेत. लिंडा रोझा यांच्या नावापुढे बीएसएन आणि आरएन दोन्ही दिसतात ते याच नियमामुळे. एमिलीच्या आणि सार्नर यांच्या नावापुढे काही दिसत नाही तेही याच नियमामुळे, कारण छापण्याजोगे काही नसेल तर जागा मोकळी सोडायची, तिथे ‘विद्यार्थिनी’ किंवा ‘संशोधक’ असा शब्द भरायचा नाही. म्हणूनच सहावीची नोंद खाली गेली.

या सगळ्या काटेकोरपणाचे आयुष्य फार थोडे असते, हेही लक्षात घ्यावे लागते. लेख मेडलाइन या वैद्यकीय लेखांच्या सूचीत गेला की तिथे नावापुढच्या पदव्या उरत नाहीत. दुसऱ्या कोणी त्याचा संदर्भ दिला तर तिथेही पदवी येत नाही. ज्याने मूळ पान उघडले त्यालाच आरएन, एमडी आणि मोकळी जागा यांतील फरक दिसतो. बाकीच्यांसाठी चारही नावे सारखीच. पदवीवाचून संदर्भसूची बिनदिक्कत चालते, यावरून विज्ञानाच्या देवघेवीत पदवीचे खरे काम किती, याचा थोडा अंदाज येतो.

प्रयोग

थेराप्युटिक टचमध्ये प्रत्यक्ष स्पर्श नसतो. उपचार करणारी व्यक्ती रुग्णाच्या त्वचेपासून काही सेंटिमीटर अंतरावरून हात फिरवते, त्याच्याभोवतीचे ‘मानवी ऊर्जाक्षेत्र’ आपल्याला जाणवते असे सांगते आणि त्यातील बिघाड हातांनी दुरुस्त करण्याचा दावा करते. 1970 च्या दशकात डोलोरेस क्रीगर आणि डोरा कुंझ यांनी ही पद्धत घडवली. कुंझ थिऑसॉफिकल परंपरेतल्या होत्या, पुढे त्या अमेरिकेतील थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्ष झाल्या. क्रीगर मात्र न्यूयॉर्क विद्यापीठात परिचर्येच्या प्राध्यापक होत्या, पीएचडी आणि आरएन. त्यांनी 1975 मध्ये परिचारिकांच्या एका प्रतिष्ठित अमेरिकी नियतकालिकात या पद्धतीची मांडणी केली आणि तिच्या स्पष्टीकरणासाठी भारतीय परंपरेतील ‘प्राण’ ही कल्पना वापरली. 1994 पर्यंत उत्तर अमेरिकेतील परिचर्या-निदानांच्या अधिकृत यादीत ‘ऊर्जाक्षेत्रातील बिघाड’ हे निदानही दाखल झाले होते. पदव्यांच्या दृष्टीने पाहिले तर दावा करणाऱ्या बाजूकडे विद्यापीठ, प्राध्यापकपद, डॉक्टरेट आणि व्यावसायिक संघटना असे सर्व काही होते. प्रयोग वाचण्याआधी हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे, कारण प्रकरणाची चर्चा करताना पदवीचा प्रश्न नेहमी एमिलीच्याच बाजूने विचारला जातो.

एमिलीने विचारलेला प्रश्न असा होता: ऊर्जाक्षेत्र हाताला जाणवत असेल, तर दुसऱ्याचा हात आपल्या कोणत्या हाताजवळ आहे हे न पाहता सांगता यायला हवे. टेबलावर पुठ्ठ्याचा उभा पडदा ठेवला. त्याच्या तळाशी दोन भोके. पलीकडे बसलेल्या उपचारकाने दोन्ही हात, तळवे वर करून, भोकांतून अलीकडे आणून टेबलावर ठेवायचे. वरून डोकावता येऊ नये म्हणून पडद्याला लावलेला टॉवेल त्याच्या हातांवर टाकायचा. एमिली नाणे उडवून हात ठरवायची आणि आपला उजवा हात त्या हाताच्या 8 ते 10 सेंटिमीटर वर धरायची. उपचारकाने डावा की उजवा एवढे सांगायचे. वेळेचे बंधन नव्हते. प्रत्येकाला अशा 10 संधी.

तिची आई लिंडा रोझा आणि लॅरी सार्नर यांनी जाहिराती व अन्य मार्गांनी ईशान्य कोलोरॅडोतील 25 उपचारक शोधले. त्यांपैकी 21 जण तयार झाले. त्यांत 9 परिचारिका, 7 प्रमाणित मसाज थेरपिस्ट, 2 सामान्य नागरिक आणि कायरोप्रॅक्टर (मणक्यावर हाताने उपचार करणारा), वैद्यकीय सहायक व रक्तनमुने घेणारा तंत्रज्ञ असा प्रत्येकी 1 होता. त्यांचा या पद्धतीतील अनुभव 1 वर्षापासून 27 वर्षांपर्यंतचा होता. चौथीच्या मुलीचा विज्ञान प्रदर्शनाचा प्रयोग आहे, असे त्यांना सांगण्यात आले होते. पहिल्या फेरीत 15 जणांनी 150 पैकी 70 वेळा बरोबर उत्तर दिले. दुसरी फेरी 1997 मध्ये झाली. तिचे चित्रण एका विज्ञानविषयक दूरचित्रवाणी कार्यक्रमाने केले. या वेळी उपचारकांना आधी एमिलीच्या दोन्ही हातांचे ‘क्षेत्र’ जाणून घेऊन तिने कोणता हात वापरावा हे निवडण्याची मुभा होती. पहिल्या फेरीतील 7 आणि नवे 6 अशा 13 जणांनी 130 पैकी 53 वेळा बरोबर उत्तर दिले. एकूण 280 पैकी 123, म्हणजे 44 टक्के. डोळे मिटून नुसता अंदाज केला असता तरी सरासरी 140 बरोबर आली असती. अनुभवाची वर्षे आणि मिळालेले गुण यांत दखल घेण्याजोगा संबंध आढळला नाही.

हे आकडे वाचणाऱ्याला कोणत्याही पदवीची गरज नाही, हे या लेखाचे सर्वांत मोठे सामर्थ्य आहे. पडदा, टॉवेल, नाणे आणि दोन हात. यांतले काहीही लेखकाच्या शब्दावर विश्वास ठेवून स्वीकारावे लागत नाही, कारण कोणीही तीच मांडणी उभी करून पाहू शकतो. बहुकेंद्री औषधचाचणीत किंवा शस्त्रक्रियांच्या मालिकेत असे नसते. तिथे रुग्ण वाचकाच्या डोळ्यांआड असतात, शस्त्रक्रियेचे कौशल्य शब्दांत पुरते उतरत नाही, आणि म्हणून ती ज्याने केली त्याला ती करण्याचा अधिकार व सराव होता का, हा प्रश्न रास्त ठरतो. पदवीचे वजन सर्व लेखांत सारखे मानण्याची चूक आपण इथेच करतो. जिथे पद्धत पूर्णपणे उघडी आहे तिथे पदवीचे काम संपते आणि जिथे पद्धतीचा मोठा भाग झाकलेला आहे तिथे पदवी थोडा आधार देते, एवढाच तिचा आवाका.

प्रतिक्रिया

‘जामा’चे तत्कालीन संपादक जॉर्ज लुंडबर्ग यांनी लेखासोबत स्वतःचे टिपण जोडले. उपचारकांनी हे निष्कर्ष रुग्णांना सांगावेत, विमा कंपन्यांनी या उपचाराचे पैसे द्यावेत का याचा फेरविचार करावा आणि प्रामाणिक प्रयोगांतून प्रत्यक्ष परिणाम सिद्ध होईपर्यंत रुग्णांनीही पैसे देऊ नयेत, असा त्याचा आशय होता. लेखिकेच्या वयाला महत्त्व नाही, विज्ञान चांगले असण्याला आहे, ही भूमिकाही त्यांनी जाहीरपणे घेतली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने त्याच दिवशी पहिल्या पानावर बातमी दिली. पुढे गिनेस विक्रमांच्या नोंदीत वैद्यकीय नियतकालिकात संशोधन प्रसिद्ध झालेली सर्वांत लहान व्यक्ती म्हणून एमिलीचे नाव गेले.

टीका दोन प्रकारची होती आणि ती वेगवेगळी तपासली पाहिजे. पहिली लेखिकेविषयी: एका मुलीच्या शालेय प्रयोगाला एवढे मोठे व्यासपीठ का, हा लेख दुसऱ्या कोणी पाठवला असता तर छापला गेला असता का. दुसरी पद्धतीविषयी: एमिलीला आपला हात कुठे आहे हे माहीत होते, त्यामुळे प्रयोग दोन्ही बाजूंनी आंधळा नव्हता; आणि हात ओळखता न येणे म्हणजे रुग्णाला आराम न मिळणे नव्हे, कारण रुग्णांवरील परिणाम इथे मोजलाच नव्हता.

पद्धतीवरील पहिल्या आक्षेपाला उत्तर आहे. एमिलीच्या हालचालीतून, श्वासातून किंवा हाताच्या उबेतून नकळत काही सूचना मिळालीच असती, तर तिने बरोबर उत्तरांची संख्या वाढायला हवी होती. ती उलट निम्म्याखाली राहिली. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे, आणि त्याचा रोख प्रयोगावर नसून लेखाच्या शेवटच्या निष्कर्षावर आहे. उपचारकांना हात ओळखता आला नाही, यावरून ऊर्जाक्षेत्र जाणवण्याचा त्यांचा मूलभूत दावा टिकत नाही, असे म्हणणे योग्यच होते. पण लेखकांनी त्याही पुढे जाऊन या पद्धतीचा व्यावसायिक वापर यापुढे समर्थनीय नाही असे लिहिले. माझ्या मते हा निकाल बहुधा बरोबर होता, पण तो 280 नाणेफेकींतून थेट निघत नव्हता. त्याला रुग्णांवरील अभ्यासांची साथ लागते, आणि लेखात त्या अभ्यासांचा आढावा असला तरी तो घेणारे कोण होते हा प्रश्न तिथे येतो.

नावांखालची नोंद

लिंडा रोझा आरोग्यक्षेत्रातील फसवणुकीविरुद्ध काम करणाऱ्या एका राष्ट्रीय परिषदेच्या, परिचर्येतील शंकास्पद प्रथांची तपासणी करणाऱ्या गटाच्या वतीने लिहीत होत्या. सार्नर थेराप्युटिक टचचा अभ्यास करणाऱ्या राष्ट्रीय गटाचे. बॅरेट क्वॅकवॉच या संस्थेचे संस्थापक, निवृत्त मनोविकारतज्ज्ञ, भोंदू उपचारांविरुद्धच्या लेखनासाठी अमेरिकेत सर्वज्ञात. हे सर्व छापलेले होते. काही लपवलेले नव्हते. त्या तिघांचे काम मला मोलाचे वाटते. तरीही ज्या वाचकाला लेखाच्या निष्कर्षातील शेवटचे, सर्वांत धारदार वाक्य तोलायचे आहे, त्याच्यासाठी या तीन ओळी बीएसएन, आरएन आणि एमडी या सर्व अक्षरांपेक्षा अधिक उपयोगाच्या होत्या. लेखकांचा कल कोणत्या बाजूला आहे हे त्यांतून कळत होते. पदव्यांतून ते कळण्याचा मार्गच नव्हता.

शिवाय त्या ओळींतही एक गोष्ट नव्हती. लिंडा ही एमिलीची आई आणि सार्नर तिचे सावत्र वडील. चारपैकी तीन लेखक एकाच घरातले असताना लेखकांच्या नोंदीत तिघांची नावे स्वतंत्रपणे येतात. रोझा हे आडनाव समान असल्याने मायलेकींचे नाते ओळखता येते, तिसऱ्याचे नाही. वृत्तपत्रांनी कुटुंबाची गोष्ट रंगवून सांगितली म्हणून ती सर्वांना कळली. नियतकालिकाने ती सांगणे हे त्याचे काम होते.

आणि सार्नर यांच्या नावापुढेही मोकळीच जागा होती, हे किती जणांनी पाहिले? प्रौढ माणसाच्या नावापुढे पदवी नसली तर ती फारशी कोणाला खटकत नाही; मुलीच्या बाबतीत मात्र तीच मोकळी जागा बातमी ठरते. यावरून असे दिसते की वाचक पदवी वाचत नव्हते, वय वाचत होते.

पदवीचा आणि प्रतिष्ठेचा परीक्षकांवर होणारा परिणाम

वाचकाचे सोडा, लेख छापण्याआधी तो तपासणाऱ्या परीक्षकांवर तरी या माहितीचा परिणाम होत नाही ना, हे आता मोजून पाहिलेले आहे. 2016 साली ‘जामा’मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अस्थिशल्यचिकित्सेच्या एका नियतकालिकाच्या परीक्षकांना एकच बनावट लेख पाठवला गेला. काहींना त्यावर नामवंत लेखकांची आणि त्यांच्या संस्थांची नावे दिसत होती, काहींना ती झाकलेली होती. नावे दिसणाऱ्यांपैकी 87 टक्के परीक्षकांनी लेख स्वीकारण्याची शिफारस केली. न दिसणाऱ्यांपैकी 68 टक्क्यांनी. लेखात मुद्दाम पेरलेल्या चुका दोन्ही गटांच्या नजरेतून मोठ्या प्रमाणात सुटल्या. 2022 मध्ये अर्थशास्त्राच्या क्षेत्रात नोबेल पारितोषिक विजेते व्हर्नन स्मिथ आणि एक नवोदित संशोधक यांच्या संयुक्त लेखावर असाच प्रयोग झाला. परीक्षकांना फक्त स्मिथ यांचे नाव दिसले तेव्हा 23 टक्क्यांनी लेख नाकारावा असे सुचवले, कोणाचेच दिसले नाही तेव्हा 48 टक्क्यांनी, आणि फक्त नवोदिताचे दिसले तेव्हा 65 टक्क्यांनी. लेख शब्दशः तोच.

हे आकडे पाहिल्यावर ‘पदव्या छापल्याने काय बिघडते’ या प्रश्नाला उत्तर मिळते. नावापुढची अक्षरे आणि नावामागची कीर्ती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मान्य; पण दोन्ही लेख वाचण्याआधी मनात शिरतात आणि वाचताना मनाला झुकवतात. एमिलीच्या लेखाला तर हा वारा उलट दिशेने लागत होता. तिच्या नावामुळे लेख हलका ठरण्याचा धोका होता. संपादकांनी तो टाळला आणि माझ्या मते या प्रकरणातील तो त्यांचा सर्वांत चांगला निर्णय होता. मात्र वयाचे महत्त्व नाही असे म्हणत असतानाच त्याच वयाने मिळवून दिलेली प्रसिद्धी त्यांच्या टिपणालाही लाभली, हेही तितकेच खरे.

दवाखान्याची पाटी आणि लेखाचे पान

महाराष्ट्रातील वाचकाला पदवीचा प्रश्न प्रथम दवाखान्याच्या पाटीवर भेटतो. भारतीय वैद्यक परिषदेच्या 2002 च्या आचारसंहितेनुसार डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात, चिठ्ठीवर आणि पावतीवर द्यायचा असतो, आणि नावापुढे केवळ मान्यताप्राप्त वैद्यकीय पदव्या किंवा व्यावसायिक ज्ञानाची व गुणवत्तेची खरी साक्ष देणारी प्रमाणपत्रे व सभासदत्वे लावता येतात. या नियमाचे कारण स्पष्ट आहे. ताप आलेल्या मुलाला घेऊन पाटीखाली उभ्या असलेल्या आईला समोरच्या माणसाचे ज्ञान तपासण्याचे दुसरे साधन नसते. पाटीवरची अक्षरे हीच तिची हमी, म्हणून ती खोटी असली तर तो गुन्ह्याइतका गंभीर विषय होतो.

नियतकालिकाच्या वाचकाची स्थिती अशी नाही. त्याच्यापुढे पद्धत, आकडे आणि मर्यादा मांडलेल्या असतात. पाटीची सवय घेऊन आपण लेखाचे पान वाचायला बसलो की पद्धतीऐवजी अक्षरे वाचू लागतो. त्यात अक्षरांचा अर्थही सर्वत्र एक नसतो: अमेरिकेत एमडी ही वैद्यकीय व्यवसायात प्रवेश देणारी पदवी, आपल्याकडे ती एमबीबीएसनंतर तीन वर्षांचे विशेष शिक्षण घेऊन मिळणारी. पुण्या-मुंबईचा एमबीबीएस संशोधक आणि बोस्टनचा एमडी संशोधक एकाच लेखात शेजारी आले, की परदेशी वाचकाला पहिला कमी शिकलेला वाटण्याची शक्यता असते. प्रत्यक्षात दोघांची वैद्यकीय पात्रता मूलतः एकाच पातळीची असू शकते.

पदवी पूर्ण असली तरी ती आक्षेप थांबवते असेही नाही, याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. 2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी फलज्योतिषाची संख्याशास्त्रीय चाचणी घेतली. हुशार विद्यार्थी आणि मतिमंद मुले यांच्या कुंडल्या मिसळून ज्योतिषांना त्या वेगळ्या करायला सांगितल्या. 27 ज्योतिषांनी प्रत्येकी 40 कुंडल्या पाहिल्या आणि बरोबर उत्तरांचे प्रमाण 46 टक्के आले. निष्कर्ष 2009 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला. रचनेच्या दृष्टीने हा प्रयोग एमिलीच्या प्रयोगाचा जवळचा नातेवाईक आहे: दोनपैकी एक निवडा, निम्म्याहून बरेच अधिक बरोबर आले तर दावा टिकला. इथे लेखकांत जगन्मान्य खगोलशास्त्रज्ञ होता, संख्याशास्त्राचा जाणकार होता, तरी राज्यातील ज्योतिष वर्तुळातून चाचणीला विरोध झालाच. तिथे आक्षेप लेखिका लहान असल्याचा होता, इथे लेखकांना ज्योतिष कळत नसल्याचा. ज्याला निष्कर्ष नको आहे त्याला लेखकाच्या पात्रतेत उणीव नेहमीच सापडते, आणि म्हणून पात्रतेवरून सुरू झालेला वाद क्वचितच आकड्यांपर्यंत पोहोचतो.

नोंद कशी असावी

‘जामा’च्याच एका उपसंपादकाने, ड्रमंड रेनी यांनी, 1997 मध्ये सहकाऱ्यांसह असे सुचवले होते की लेखक ही जुनी कल्पना बाजूला ठेवून प्रत्येक सहभागी व्यक्तीने नेमके काय केले ते लेखात छापावे. आज भूमिकांची 14 प्रकारांची एक प्रमाणित यादी अनेक नियतकालिके वापरतात: संकल्पना, पद्धती, प्रत्यक्ष तपास, विश्लेषण, लेखन इत्यादी. प्रत्येक संशोधकाची स्वतंत्र ओळख असलेल्या 16 अंकी ऑर्किड क्रमांकामुळे एकाच नावाच्या दोन संशोधकांतला गोंधळही टळतो. रोझा लेखाच्या पद्धतीविभागात ही माहिती आद्याक्षरांच्या रूपाने होतीच: प्रयोगाची आखणी, चाचण्या आणि निकालांची मांडणी एमिलीची, उपचारकांचा शोध आई व सार्नर यांचा. ज्याने तो परिच्छेद वाचला त्याला मुलीच्या नावाने मोठ्यांनीच सर्व केले का, या शंकेचे उत्तर तिथेच मिळत होते. पण तो परिच्छेद पानात आत होता आणि पदव्या शीर्षकाखाली.

मला हा क्रम उलटा हवा आहे. शीर्षकाखाली फक्त नावे असावीत. त्यानंतर, पहिल्याच पानावर, कोणी काय केले ते यावे. मग कोण कोणत्या संस्थेचा, त्या संस्थेची या विषयातली भूमिका काय आणि लेखकांत परस्पर नाते असेल तर ते. पदव्या आणि नोंदण्या लेखाच्या शेवटी, संपादकांनी पडताळलेल्या स्वरूपात द्याव्यात, आणि शस्त्रक्रिया किंवा रुग्णतपासणीसारख्या कामात त्या कोणत्या कामासाठी लागल्या तेही लिहावे. रोझा लेखाला हे लावले तर एमिलीच्या नावासमोर ‘संकल्पना, आखणी, सर्व चाचण्या’ असे येईल, लिंडा आणि सार्नर यांच्यासमोर ‘सहभागींचा शोध, एमिलीचे पालक, अशा उपचारांविरुद्ध काम करणाऱ्या गटांचे सदस्य’ असे येईल, आणि बॅरेट यांच्या नावासमोर त्यांच्या संस्थेचा हेतू.

एक अडचण तरीही राहते. 2013 पासून संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वाच्या अटींत चौथी अट घातली आहे: लेखाच्या सर्व अंगांची जबाबदारी घेण्याची तयारी. 11 वर्षांच्या मुलीला ही अट लागू करताना ती दोन भागांत वाचावी लागेल. पडदा कसा होता, नाणे कोणी उडवले, कोणी किती वेळ घेतला, या प्रश्नांची उत्तरे चौघांत सर्वांत चांगली तीच देऊ शकत होती आणि तेवढ्यासाठी तिचे लेखकत्व पूर्ण होते. थेराप्युटिक टचचा व्यावसायिक वापर थांबवावा या वाक्याचे उत्तर मात्र तिच्याकडे मागणे अन्यायाचे ठरले असते. ते उर्वरित तिघांकडे मागायचे, आणि ही वाटणी वाचकाला छापील नोंदीतूनच दिसायला हवी होती.